कोणत्या यादीवर पाणी सोडावं? कॅलिफोर्नियातल्या वाइनऱ्यांची अ‍ॅलोकेशन्स कमी करताना

दरवर्षी फेब्रुवारीत एखाद्या वाइनरीकडून, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कंपनीकडून, माझ्या वाट्याच्या बाटल्या देऊ करणारं पहिलं पत्र येतं आणि आमच्या घरात ठरलेला संवाद होतो. बायको विचारते, "अजून घेतोयस?" मी म्हणतो, "नाही घेतली तर यादीतून नाव जाईल." मग ती विचारते, "गेलं तर काय होईल?"

या शेवटच्या प्रश्नाला बरीच वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही डलासजवळ राहतो. इथल्या घरांना सहसा तळघर नसतं, त्यामुळे वाइन एक तर वाइनच्या फ्रीजमध्ये राहते, नाही तर महिन्याचं भाडं भरून घेतलेल्या थंड लॉकरमध्ये. हौस अगदी भरात होती तेव्हा मी ११ वाइनऱ्यांच्या याद्यांवर होतो आणि वर्षाला ९४ बाटल्या येत होत्या. फ्रीज भरला, लॉकर भरला, दुसऱ्या लॉकरची चौकशीही करून झाली. त्यानंतर कुठे डोकं ताळ्यावर आलं. याद्या कशा छाटल्या ते आता क्रमाने सांगतो. हा क्रम बदलू नका, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. आधी वाइनरीचा विचार होतो आणि स्वतःच्या घराचा सगळ्यात शेवटी.

यादी म्हणजे नक्की काय

हे थोडक्यात, कारण तुम्ही यादीवर असाल तर निम्मं ठाऊकच असेल. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली आणि बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची व्यवस्था आणली: बनवणारा, घाऊक वितरक आणि दुकानदार. या वाटेने माल गेला की दुकानातल्या किमतीचा साधारण निम्माच भाग वाइनरीच्या हाती पडतो. थेट ग्राहकाला विकला तर पूर्ण पैसे तिचे. त्यामुळे ज्यांचा माल थोडा आणि मागणी मोठी, त्यांनी ग्राहकांची यादी ठेवून पत्राने वाइन विकायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात सोनोमातल्या रशियन रिव्हर खोऱ्यातली विल्यम्स सेलियम ही पिनो न्वार या लाल द्राक्षाच्या वाइनसाठी प्रसिद्ध असलेली वाइनरी या पद्धतीच्या जुन्या शिलेदारांपैकी एक. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड खटल्याचा निकाल दिला: राज्यातल्या वाइनरीला घरपोच विक्रीची मुभा असेल, तर बाहेरच्या राज्यातल्या वाइनरीला ती नाकारता येणार नाही. त्यानंतर एकेक राज्याची दारं उघडत गेली.

अ‍ॅलोकेशन म्हणजे तुमच्या नावाने बाजूला ठेवलेला वाटा. समजा सहा बाटल्या. मुदतीत घ्या, नाही तर सोडा. त्यावर आणखी हव्या असतील तर विशलिस्टमध्ये मागणी टाकायची. वाइन क्लब ही वेगळी भानगड आहे. तिथे कार्डावरून पैसे आपोआप कापले जातात आणि काय पाठवायचं ते बहुधा वाइनरीच ठरवते. छाटणीची सुरुवात क्लबांपासून करा, त्यात फार डोकं लावायला नको. कॅलिफोर्नियातल्या नापा या वाइनच्या खोऱ्यातल्या सहलीत, वाइन चाखायच्या तिसऱ्या खोलीत (टेस्टिंग रूममध्ये), ऊन उतरताना ज्यावर सही केली तो क्लब मुळात विचार करून घेतलेला नसतो. फक्त रद्द करायची मुदत बघून ठेवा. पुढची पेटी निघायच्या किती दिवस आधी कळवायचं आणि किमान किती पेट्या घेणं बंधनकारक आहे, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं.

आधी घरातून किती बाटल्या बाहेर जातात ते मोजा

सगळ्या लेखातलं मुख्य काम हे. बाकीच्या पायऱ्या याच्या आधारावर उभ्या आहेत.

गेल्या बारा महिन्यांत यादीच्या दर्जाच्या किती बाटल्या उघडल्या? मंगळवारी रात्री पिझ्झाबरोबर उघडलेली १५ डॉलरची बाटली यात धरायची नाही. सेलरट्रॅकर या संकेतस्थळावर बाटल्यांची नोंद ठेवत असाल तर आकडा तयार मिळेल. नसाल, तर आजपासून उघडलेल्या प्रत्येक बाटलीचं बूच एका बरणीत टाका आणि तीन महिन्यांनी मोजून चारने गुणा. मला वाटत होतं की आम्ही साठ-सत्तर तरी उघडतो. बुचं निघाली दहा, म्हणजे वर्षाला चाळीस. येत होत्या ९४. दरवर्षी ५४ बाटल्या साठत होत्या आणि वर मी फ्रीजच्या कंपनीला नावं ठेवत होतो.

आता हे चाळीस प्रकारानुसार वाटा, कारण प्रत्येक द्राक्षाची वाट बघण्याची मुदत निराळी. माझा ढोबळ हिशेब असा. नापातली भरदार कॅबरने सोव्हिन्याँ मी सरासरी दहा वर्षांनी उघडतो, पिनो न्वार पाच वर्षांनी आणि झिनफँडेल तीन वर्षांनी. तुमची आवड वेगळी असू शकेल. कुणाला ताज्या फळाचा जोम आवडतो, कुणाला जुन्या वाइनमधला चामड्या-तंबाखूचा वास. वर्षाला पंधरा कॅबरने प्यायची आणि प्रत्येक दहा वर्षं ठेवायची, तर कायम १५० बाटल्या पडून राहणार. पंधरा पिनो गुणिले पाच म्हणजे ७५. दहा झिनफँडेल गुणिले तीन म्हणजे ३०. एकूण २५५. वर्षाला चाळीसच बाटल्या पिणाऱ्या माणसाला २५५ बाटल्यांची जागा लागते, तीही साधारण १३ अंश सेल्सियसला. हा गुणाकार कागदावर मांडला की कॅबरनेच्या याद्या किती महाग पडतात ते उमगतं. झिनफँडेलची एक बाटली जेवढी जागा अडवते, तिच्या तिप्पटीहून जास्त काळ तेवढीच जागा कॅबरनेची बाटली अडवून बसते.

या गुणाकारात आपलं वयही धरावं लागतं. पन्नाशीतल्या माणसाने आज आलेली कॅबरने साठीत उघडायची. साठीत जीभ कशी असेल, डॉक्टर काय म्हणेल, कोण जाणे. माझ्या एका मित्राने पंचावन्नाव्या वाढदिवसाला लांब पल्ल्याच्या सगळ्या याद्या एका झटक्यात बंद केल्या आणि ते पैसे लिलावातून तयार, मुरलेल्या बाटल्या घेण्याकडे वळवले. तेव्हा मी त्याला हसलो होतो.

शेवटी वर्षाला उघडायच्या बाटल्यांच्या आकड्यातून एक चतुर्थांश वजा करा. भेट म्हणून येणाऱ्या बाटल्या, प्रवासात आवडलेल्या, दुकानात सहज दिसलेल्या, यांनाही जागा हवी. माझे चाळीसाचे तीस उरले. म्हणजे याद्यांवरून वर्षाला तीस बाटल्या. पुढचे सगळे निर्णय या तिसात बसवायचे.

पत्रातली किंमत आणि दारातली किंमत

पत्रात ८५ डॉलर लिहिलेलं असतं आणि आपण ८५ डोक्यात ठेवतो. समजा सहा बाटल्यांचे ५१० डॉलर झाले आणि वाहतूक ४५. टेक्ससमध्ये बहुतेक शहरांत विक्रीकर ८.२५ टक्के आहे आणि तो वाहतुकीवरही लागतो, म्हणजे ४५.७९. एकूण ६००.७९ डॉलर. बाटली शंभराला पडली. तिला आठ-दहा वर्षं लॉकरमध्ये ठेवणार असाल तर भाड्याचा वाटा वेगळा. प्रत्येक यादीपुढे हा दारातला आकडा लिहा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कुरिअरला असतं.

उष्णतेचा खर्च पावतीवर दिसत नाही. वाइन साधारण वसंतात आणि शरदात पाठवतात. आमच्याकडे मे महिन्यातच पारा चढलेला असतो. एका वाइनरीने विनंती करूनही पेटी उशिरा, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाठवली. घरी सही करायला कुणी नव्हतं, म्हणून ती दोन दिवस ट्रकमध्ये फिरली. पेटी उघडली तर तीन बाटल्यांची बुचं वर सरकलेली. २१ वर्षांवरच्या व्यक्तीची सही घेतल्याशिवाय पेटी देत नाहीत, तेव्हा दिवसभर घरी कुणी नसेल तर ऑफिसचा किंवा कुरिअरच्या केंद्राचा पत्ता द्या. आणि तुमच्याकडे उन्हाळा कडक असेल, तर हवामान बघून पेटी थांबवून ठेवायची तयारी नसलेली वाइनरी सरळ बाद करा. वाइन कितीही चांगली असो.

तीच बाटली बाहेर मिळते का

आता वाइन-सर्चर या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या वाइनचा बाजारभाव बघा. तोच व्हिंटेज (द्राक्षं काढली ते वर्ष), तीच व्हिनयार्ड (द्राक्षमळा), आणि भाव दारातल्या किमतीशी ताडून. तीनपैकी एक उत्तर येईल.

बाजारात स्वस्त असेल तर विषय संपला. हे वाटतं त्याहून जास्त वेळा घडतं, कारण बऱ्याच वाइनऱ्या यादीबरोबर वितरकांनाही माल देतात आणि मोठी दुकानं कमी नफ्यावर विकतात.

सारखीच असेल तरी यादी सोडा. इथे लोक अडखळतात. सारख्या भावात यादीने सहा घ्यायला लावल्या असत्या, दुकानातून मनात येईल तेव्हा एक घेता येते. रिज या वाइनरीचंच बघा. त्यांची माँटे बेलो म्हणजे १९७६च्या पॅरिसच्या प्रसिद्ध चाचणीत १९७१च्या व्हिंटेजसह फ्रेंचांशी झुंजलेली कॅबरने. पण त्यांची लिटन स्प्रिंग्ज किंवा गायसरव्हिल ही झिनफँडेलप्रधान मिश्रणं चांगल्या दुकानांत सर्रास दिसतात. ती हवी असतील तर त्यासाठी कुठल्याच यादीवर नाव अडकवायची गरज नाही.

बाजारात बरीच महाग असेल तर प्रश्न अवघड होतो, कारण तिथे लोभ शिरतो. "विकली तरी पैसे सुटतील" हे वाक्य मी स्वतःला निदान पाच वर्षं ऐकवलं. मग एकदा हिशेब केला. समजा दारात २३५ डॉलरला पडलेली बाटली लिलावात ३०० ला जाते. लिलाववाल्यांचं कमिशन १५ टक्के धरलं तर हातात २५५. त्यातून तीन-चार वर्षांचं भाडं, पेटी बांधून नेऊन देण्याचा खटाटोप आणि भाव पडण्याची जोखीम वजा करा. राहतं ते तुम्हीच बघा. परवाना नसताना परस्पर वाइन विकणं बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, त्यामुळे लिलाव किंवा परवानाधारक व्यापारी हेच मार्ग. स्क्रीमिंग ईगलसारख्या मोजक्या नावांचं गणित निराळं आहे. १९९२च्या पहिल्या व्हिंटेजपासून तिथे मागणीपुढे माल तुटपुंजाच राहिला आहे. पण त्या यादीवर असलेल्या माणसाला माझा सल्ला नकोच असेल.

माझा नियम साधा आहे. महाग विकली जाणारी वाइन स्वतः प्यायला आवडत असेल तरच ठेवायची. तसं असेल तर यादीचा खरा फायदा तुम्हालाच होतो आहे.

परत येता येईल का

याद्यांचा सगळा धाक या प्रश्नावर उभा आहे. आठ वर्षं थांबून मिळालेली जागा एका "नको"ने जाईल, ही भीती. काही ठिकाणी ती खरीही आहे. एक वर्ष घेतलं नाही की नाव खाली जातं, किंवा वाटा आधीच्या खरेदीवर ठरतो. पण यादी घट्ट आहे की सैल, हे वाइनरीच्या वागण्यावरून कळतं. विशलिस्टवर मागितलेलं सगळंच्या सगळं मिळतं का? मुदत संपल्यावर "थोड्या बाटल्या शिल्लक आहेत" असं दुसरं पत्र येतं का? मुदत वाढते का? पूर्वी सहा मिळायच्या तिथे न मागता बारा देऊ केल्या जातात का? मोफत वाहतुकीची लालूच अचानक दाखवली जाते का? यातली दोन लक्षणं दिसली तर ती यादी सैल आहे. आज बाहेर पडलात तर दोन वर्षांनी ते तुम्हाला पायघड्या घालून परत घेतील.

घट्ट यादी असेल तर नियम काय आहे ते सरळ लिहून विचारा. भीड भिकेची बहीण. मी चार ठिकाणी विचारलं, तिघांनी त्याच दिवशी उत्तर दिलं: एक वर्ष सोडलंत तरी नाव राहील. इतकी वर्षं केवळ नाव जाईल या कल्पनेने मी त्या तिघांकडून वाइन घेत होतो.

हात बदललेत का

आपण ज्या माणसासाठी यादीवर आलो तो तिथे अजून आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. विल्यम्स सेलियम १९९८ साली बर्ट विल्यम्स आणि एड सेलियम यांच्याकडून जॉन डायसन यांच्याकडे गेली. श्रेडर ही वाइनरी २०१७ साली कॉन्स्टेलेशन या मोठ्या मद्यकंपनीने घेतली, त्याच वर्षी कोलगिनचा मोठा हिस्सा चैनीच्या वस्तूंच्या एलव्हीएमएच या फ्रेंच कंपनीकडे गेला. कोस्टा ब्राउन २०१८ साली डकहॉर्नकडे आणि शेफर २०२२ साली कोरियाच्या शिनसेगेकडे. मालक बदलला की वाइन बिघडते असं मुळीच नाही. बऱ्याचदा द्राक्षांचे मळे आणि वाइनमेकर तेच राहतात. पण मालक बदलल्यावर निर्णय नव्याने घ्यायचा, जुन्या प्रेमावर चालवायचं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाटल्यांची संख्या, नव्या लेबलांची भर आणि किंमत यांकडे लक्ष ठेवा.

यातून कधी कधी बचतही होते. श्रेडरची कीर्ती ज्यांच्या हाताने वाढली ते थॉमस रिव्हर्स ब्राउन यांची स्वतःची रिव्हर्स-मरी ही वाइनरी आहे आणि तिथल्या वाइन श्रेडरच्या मानाने बऱ्याच स्वस्त पडतात. हात आवडला असेल तर तो हात आणखी कुठे काम करतो ते शोधा.

एखाद्या व्हिंटेजवर चिडून मात्र यादी सोडू नका. २०२० साली सप्टेंबरअखेर नापात ग्लास फायर नावाचा वणवा भडकला, त्याआधी ऑगस्टपासूनच आसपास वणवे पेटलेले होते. धुरातली ग्वायकॉलसारखी द्रव्यं द्राक्षात उतरली की वाइनला विझलेल्या शेकोटीचा वास येतो. कित्येकांनी त्या वर्षी लाल वाइन बाटलीत भरलीच नाही. नुकसान सोसून जे गप्प बसले, त्यांच्याबद्दल माझा आदर वाढला. ज्यांनी काहीच घडलं नसल्यासारखं नेहमीच्या किमतीचं पत्र पाठवलं, त्यांची पुढची बाटली मी जरा संशयाने उघडली. लागोपाठ तीन व्हिंटेज चाखून मगच मत बनवा.

झाकून चाखा

एवढं झाल्यावर तीन ढीग पडलेले असतात: नक्की ठेवायच्या, नक्की सोडायच्या आणि जीव अडकलेल्या. तिसऱ्या ढिगासाठी चार-पाच जाणकार, तहानलेली आणि तोंडाने फटकळ माणसं बोलवा. एकाच द्राक्षाच्या पाच बाटल्या घ्या. चार तुमच्या याद्यांवरच्या आणि एक दुकानातली, निम्म्या किमतीची. व्हिंटेज शक्यतो एकच. दुसऱ्या कुणाला तरी त्या कागदी पिशव्यांत घालायला आणि आकडे टाकायला सांगा, तुम्ही खोलीबाहेर थांबा. कॅबरने असेल तर तासभर आधी उघडून ठेवा.

गुण लिहायला सांगा, पण त्यावर विसंबू नका. जेवण संपताना कुठली बाटली रिकामी झाली ते बघा. आमच्याकडे ज्या वाइनरीबद्दल मी वर्षानुवर्षं बढाया मारत होतो तिची बाटली निम्मी शिल्लक होती. पहिली संपली ती दुकानातली नव्हती, एवढं नशीब. मी सोडायच्या ढिगात जवळजवळ टाकलेली ती पिनो होती.

सोडताना

पहिल्या वर्षी "यंदा नको, नाव ठेवा" एवढंच कळवा. वर्षभरात त्या वाइनची आठवणसुद्धा झाली नाही, तर पुढच्या वर्षी नाव काढून टाकायला सांगा. गप्प राहून मुदत उलटू देण्यापेक्षा हे बरं. तुमच्या मागे कुणीतरी थांबलेलं असतं आणि वाइनरीची माणसं असे निरोप लक्षात ठेवतात. नाव काढलं की साठवलेलं कार्डही काढा.

पूर्ण सोडवत नसेल तर वाटा कमी करा. बाराच्या तीन चालतील का, असं विचारलं तर सैल यादीवर सहसा नकार येत नाही. दुसरा मार्ग मला फार आवडतो. जवळ राहणाऱ्या मित्राबरोबर याद्या वाटून घ्यायच्या. त्याने टर्ली आणि बेडरॉकच्या झिनफँडेल सांभाळायच्या, आपण पिनो सांभाळायच्या आणि उघडायच्या एकत्र. मित्र दुसऱ्या शहरात असेल तर हे जमत नाही. अमेरिकेचं टपाल खातं दारू नेतच नाही आणि खासगी कुरिअर परवानाधारकांकडूनच घेतात. आपण घरून बाटली पाठवू शकत नाही.

पत्रं मुख्यतः वर्षाच्या सुरुवातीला आणि मग सप्टेंबरच्या आसपास येतात. म्हणून वर्षाचा आकडा जानेवारीतच फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. फेब्रुवारीत तीसच्या तीस संपवल्या तर शरदातल्या पत्रांसाठी काही उरत नाही, हे मी पहिल्याच वर्षी करून बसलो.

आता ११ पैकी ५ याद्या उरल्या आहेत: दोन पिनोच्या, एक झिनफँडेलची, एक कॅलिफोर्नियातल्याच पासो रोबल्सच्या सिराह या द्राक्षाची आणि एक कॅबरनेची. सहाव्या यादीचं पत्र अजून उघडं पडलंय, मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. त्या वाइनरीची २०१६ची शेवटची बाटली काल फ्रीजमध्ये उभी करून ठेवली, गाळ खाली बसायला. शनिवारी उघडू, आणि रविवारी सकाळी तिच्यात काही शिल्लक असेल तर कळवतो त्यांना.